वाद घालावा, पण संघ मोडू नये

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 

समितीने आम्हाला सांगितलं होतं, की विहाराच्या इतिहासावर बोला. पत्र्याची शेड कधी बांधली, मूर्ती कधी आणली, स्लॅब कधी पडला, हे सगळं बोला. पण हा इतिहास आमच्यापेक्षा जास्त माहीत असलेली माणसं समोर बसलेली आहेत, आणि त्यातली काही आज बसलेली नाहीत. ती का बसलेली नाहीत, त्यावर आम्ही बोलणार आहोत. वस्तीत यंदा दोन जयंत्या होणार अशी बोलणी सुरू आहेत. एक गट म्हणतो मिरवणूक वाजतगाजत निघालीच पाहिजे, दुसरा म्हणतो तोच पैसा अभ्यासिकेला लावा. दोन्ही बाजूंना आपली मुलं आहेत. मतभेद झाला यात वाईट काहीच नाही. पण गेल्या महिन्यात याच हॉलमध्ये जी भाषा वापरली गेली, ती ऐकून आम्हाला झोप लागली नाही. कारण ती भाषा आम्ही लहानपणी आमच्या घरात ऐकलेली आहे, आणि तिचं पुढे काय होतं हे आम्ही पाहिलेलं आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. आमचे वडील साचाखात्यात होते आणि धाकटे चुलते, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, ते दुसऱ्या एका गिरणीत. दोघे भाऊ एकाच खोलीत राहत, एका ताटात जेवलेले. पहिले सहा-सात महिने दोघेही संपात होते. मग नानांची मुलगी आजारी पडली. औषधाला पैसे नाहीत, वाणी उधार देईना, गावाकडून तांदूळ येईनात. एका पहाटे नाना डबा न घेता, कुणाला न सांगता कामावर गेले.

त्या रविवारी वस्तीच्या बैठकीत आमच्या वडिलांनी भर सभेत आपल्या सख्ख्या भावाला 'दलाल' म्हटलं. नानांनी उत्तर दिलं नाही. उठले, चपला घातल्या आणि गेले. त्यानंतर अकरा वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. नाना विहाराची पायरी चढले नाहीत.

वडिलांना गिरणीने परत घेतलं नाही. हजारोंना घेतलं नाही. तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. पुढे नानांची गिरणीही बंद पडली. म्हणजे ज्या प्रश्नावर भाऊ तुटले, तो प्रश्न दोघांच्याही हातून निसटला. पण 'दलाल' हा शब्द तेवढा घरात राहिला. एकोणिसाव्या वर्षी आम्हाला बदली कामगार म्हणून काम मिळालं. ते कार्ड कुणी मिळवून दिलं? नानांनी. खात्यात रात्रपाळीला शब्द टाकून, हातापाया पडून. वडिलांना हे माहीत होतं. आमच्या पगाराचं धान्य ते जेवत होते, पण भावाचं नाव घेत नव्हते. १९९३ साली वडील गेले तेव्हा नाना आले, आणि दाराबाहेर उभे राहिले. आत या म्हणायला आम्ही गेलो, तर म्हणाले, "त्यानं बोलावलं असतं तर आलो असतो रे."

मित्रांनो, वडील चुकीचे होते असं आम्ही म्हणत नाही. संप फोडू नये, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. नानांची मुलगी वाचली पाहिजे, हेही खरं होतं. दोन खऱ्या गोष्टी समोरासमोर आल्या होत्या. त्या दोन्ही मांडता येतील अशी बैठक आमच्या वस्तीला चालवता आली नाही, हे आमचं दुःख आहे.

अशी बैठक चालवणं जमतं का? आमच्या धम्मात तर अडीच हजार वर्षांपूर्वी ते जमलेलं आहे. वर्षावासात आपण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. त्याच्या सुरुवातीलाच बाबासाहेबांनी काय मांडलं आहे ते आठवा. सिद्धार्थ गौतम विसाव्या वर्षी शाक्य संघाचे सभासद झाले. आठ वर्षं त्यांनी सभासद म्हणून काम केलं. मग रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात मारामारी झाली. सेनापतीने संघापुढे ठराव आणला, की कोलियांशी युद्ध करावं. सिद्धार्थ उभे राहिले आणि विरोध केला. ते म्हणाले, चूक आपल्याही माणसांची आहे, आधी चौकशी करू. आणि नुसता विरोध करून खाली बसले नाहीत, तर त्यांनी पर्यायही दिला. आपण आपली दोन माणसं निवडू, कोलियांना त्यांची दोन निवडायला सांगू, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाच जणांनी भांडण मिटवावं. त्यांच्या दुरुस्तीला रीतसर अनुमोदन मिळालं, मतं घेतली गेली, आणि सिद्धार्थ प्रचंड बहुमताने हरले.

हे नीट ध्यानात घ्या. ज्यांच्या मूर्तीपुढे आपण वाकतो, ते एका सभेत हरलेले सभासद आहेत. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव आला तेव्हा ते पुन्हा उभे राहिले. मी युद्धात भाग घेणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. सेनापतीने धमकी दिली, कुटुंबावर बहिष्कार, जमिनीची जप्ती. सिद्धार्थांनी सेनापतीला शिव्या दिल्या नाहीत, वेगळा संघ काढला नाही, मत बदललंही नाही. शिक्षा आपल्या एकट्यावर घेतली आणि परिव्राजक झाले. बहुमत विरोधात गेलं की खुर्च्या फेकणारे आपण, आणि 'आमचं बहुमत आहे, तुम्ही चूप बसा' म्हणणारेही आपण, दोघांनीही हे प्रकरण एकदा पुन्हा वाचावं.

बरं, तथागतांच्या स्वतःच्या भिक्खू संघात भांडणं झाली नाहीत का? झाली. कोसंबीचं भांडण तर प्रसिद्ध आहे. अट्ठकथेत त्याची सुरुवात अशी दिली आहे. कोसंबीत दोन आचार्य होते, एक विनयाचे जाणकार, दुसरे धम्म सांगणारे. दोघांचे शिष्य पुष्कळ. एके दिवशी धम्म सांगणारे भिक्खू शौचाला गेले आणि भांड्यात उरलेलं पाणी तसंच ठेवून आले. विनयाच्या आचार्यांनी विचारलं, हे पाणी तुम्ही ठेवलं का? हो. हा दोष आहे हे माहीत नाही का? माहीत नव्हतं; दोष असेल तर मी कबूल करतो. त्यावर विनयाचे आचार्य म्हणाले, जाणूनबुजून केलं नसेल तर दोष नाही.

इथं प्रकरण मिटलं होतं की नाही? मिटलं होतं. पण विनयाच्या आचार्यांनी नंतर आपल्या शिष्यांना सांगितलं, की त्यांना आपला दोषसुद्धा कळत नाही. हे शिष्य त्या शिष्यांकडे गेले आणि म्हणाले, तुमच्या गुरूला दोष कळत नाही. ते शिष्य आपल्या गुरूकडे गेले. गुरू म्हणाले, आधी दोष नाही म्हणाले, आता आहे म्हणतात, म्हणजे तेच खोटं बोलतात. बघता बघता संघाचे दोन तुकडे झाले. एका गटाने दुसऱ्या बाजूच्या भिक्खूला निलंबित केलं. उपासकांतही दोन तट पडले. एवढ्याशा पाण्यावरून! खरं म्हणजे पाण्यावरून नाहीच. समोर मिटवलेली गोष्ट पाठीमागे पुन्हा बोलली गेली, त्यावरून. आपल्या वस्तीतली निम्मी भांडणं अशीच नळावर सुरू होतात.

तथागत दोन्ही बाजूंकडे गेले. निलंबन करणाऱ्यांना म्हणाले, एखाद्या भिक्खूला दूर करताना संघ फुटेल याचा विचार करा. ज्याचा दोष सांगितला होता त्याच्या बाजूला म्हणाले, संघ फुटत असेल तर इतरांवर विश्वास ठेवून दोष कबूल करा. म्हणजे जो ज्या बाजूचा, त्याला त्याच्याच बाजूचं कर्तव्य सांगितलं. आपण नेमकं उलटं करतो. या गटाला त्या गटाचे दोष सांगतो, मग टाळ्या मिळतात. त्यांनी दीघावू राजपुत्राची गोष्ट सांगितली. आईबापाचा खून करणारा राजा तलवारीखाली सापडला असताना ज्याने त्याला जिवंत सोडलं आणि वैर संपवलं, तो दीघावू. तरी भिक्खू ऐकेनात. उलट म्हणाले, भगवंत, आपण शांत राहा, आमचं भांडण आम्ही बघून घेऊ. तेव्हा तथागत एकटेच निघून पारिलेय्यकच्या वनात गेले.

मग भांडण मिटवलं कुणी? कोसंबीच्या उपासक-उपासिकांनी. तुमच्या-आमच्यासारख्या संसारी माणसांनी. यांच्या भांडणामुळे तथागत निघून गेले, असं म्हणून त्यांनी या भिक्खूंना वंदन करणं आणि भिक्षा देणं थांबवलं. दगड मारले नाहीत की एका गटाची बाजू घेतली नाही. मान द्यायचा थांबवला, एवढंच. तेव्हा भिक्खू श्रावस्तीला तथागतांकडे गेले. ज्याचं निलंबन झालं होतं त्याने स्वतःच धम्म-विनयाचा विचार करून दोष मान्य केला, आणि संघ पुन्हा एक झाला. महिला मंडळाच्या भगिनींना आमचं सांगणं आहे, की सभेत पुरुष मंडळी हमरीतुमरीवर आली की तुम्ही चहा द्यायचा थांबवा. कोसंबीचा उपाय अजून जुना झालेला नाही.

अशा अनुभवांतून संघाने वाद चालवण्याची एक शिस्तच घालून घेतली. विनयपिटकात ती तपशीलवार आहे. ज्यांना वाटतं की सभेचे नियम आपल्याला साहेबांनी शिकवले, त्यांनी हे ऐकावं.

संघापुढे कोणतीही गोष्ट आणायची तर आधी तिची सूचना मांडायची. तिला 'ञत्ति' म्हणत. सूचना मांडल्याशिवाय चर्चा नाही. महत्त्वाचा विषय असेल तर सूचनेनंतर तीन वेळा विचारायचं, ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावं, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावं. तीन वेळा! आपण एकदा विचारतो आणि 'मंजूर, मंजूर' म्हणून मोकळे होतो. आजारी भिक्खू आपली संमती दुसऱ्याच्या हाती पाठवू शकत असे. आणि एकदा रीतसर मिटलेला वाद जो जाणूनबुजून उकरून काढील, त्याला दोष लागत असे.

एकमत झालं नाही तर शलाका वाटून, म्हणजे काड्या वाटून, मतं घ्यायची. काड्या वाटणारा भिक्खू संघाने निवडायचा. तो कसा पाहिजे? लोभाने, द्वेषाने, अज्ञानाने किंवा भीतीने बाजू घेणारा नसावा, आणि कोणाचं मत घेतलं, कोणाचं राहिलं हे त्याला कळावं. मतदान तीन प्रकारचं, गुप्त, कानात सांगून आणि उघड.

वाद शमवण्याचे सात उपाय सांगितले आहेत. त्यांतले दोन आम्हाला फार महत्त्वाचे वाटतात. पहिला 'संमुखाविनय', म्हणजे समोरासमोर निकाल. ज्याच्याबद्दल बोलायचं तो माणूस हजर पाहिजे, संघ हजर पाहिजे, धम्म आणि विनय पाळला पाहिजे. गैरहजर माणसाचा निवाडा करायचा नाही. आज हे काम मोबाईलवर चालतं. रात्री साडेअकराला कुणीतरी कुणाला 'समाजद्रोही' म्हणतो, सकाळी उठून बघावं तर चाळीस जणांनी हात जोडलेले किंवा अंगठे दाखवलेले. समोर उभं राहून हाच शब्द उच्चारायची त्याची छाती झाली नसती, आणि झाली असती तर समोरच्याचा चेहरा बघून तो निम्म्यात थांबला असता.

शेवटचा उपाय 'तिणवत्थारक', म्हणजे गवताने झाकणं. भांडणात दोन्ही बाजूंनी इतकं काही बोललं-केलं जातं, की एकेक गोष्ट उकरायला गेलं तर भांडण आणखी वाढेल. अशा वेळी सगळे एकत्र बसायचं, दोन्ही बाजूंच्या एकेका जाणत्याने आपल्या बाजूचे दोष सांगायचे आणि सगळ्यावर गवत टाकून पुढे जायचं. समोरच्याचे नव्हे, आपल्या बाजूचे दोष. मात्र गंभीर अपराध आणि गृहस्थांशी केलेला अपराध यात झाकता येत नसे. म्हणजे शब्द झाकावेत, चोरी झाकू नये. वर्गणीचा हिशेब हा गवताखाली घालण्याचा विषय नाही.

आणि दुसऱ्याचा दोष सांगायला उभं राहणाऱ्याने आधी मनात ठरवायच्या पाच गोष्टी आहेत. वेळ बघून बोलेन, अवेळी नाही. खरं बोलेन. सौम्यपणे बोलेन. हिताचं बोलेन. मनात मैत्री ठेवून बोलेन, द्वेष ठेवून नाही. या पाच ओळी मोठ्या अक्षरांत लिहून विहाराच्या भिंतीवर लावाव्यात अशी आमची सूचना आहे.

आता तरुण मित्र म्हणतील, काका, म्हणजे आम्ही गोडगोड बोलत बसायचं का? हा प्रश्न योग्य आहे. कारण 'हळू बोला, नीट बोला' हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यात आलं ते आपलं तोंड बंद करण्यासाठी. १९२७ साली महाडच्या तळ्यावर पाण्याला हात लावला तेव्हाही, शांतता भंगते, असंच म्हटलं गेलं. जो मार खातो त्यालाच सभ्यता शिकवायची, ही जुनी चलाखी आहे. तिच्याबद्दल आम्ही बोलत नाही.

तथागतांना अभय राजकुमाराने हेच विचारलं होतं, की आपण दुसऱ्याला अप्रिय वाटेल असं बोलता का? त्याच्या मांडीवर लहान मूल होतं. तथागतांनी विचारलं, या मुलाने तोंडात काटकी किंवा खडा घातला तर काय कराल? राजकुमार म्हणाला, डोकं धरून, बोट वाकडं करून काढीन, रक्त आलं तरी काढीन, कारण मुलाची दया येते. तथागतांचं म्हणणं तेच. खरं आणि हिताचं असेल तर अप्रियसुद्धा योग्य वेळी बोलावं. पण बोट घालायचं ते खडा काढण्यासाठी, मूल घुसमटावं म्हणून नाही.

बाबासाहेब तरी कुठे मिळमिळीत बोलत होते? लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ साली त्यांचं अध्यक्षीय भाषण आधी वाचून परिषदच रद्द केली. त्यांनी एक शब्द बदलला नाही, स्वतः भाषण छापलं. गांधीजींनी त्यावर 'हरिजन'मध्ये टीका केली. बाबासाहेबांनी १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची ती टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि तिला आपलं उत्तर जोडलं. उत्तर जहाल आहे. पण विरोधकाचं म्हणणं स्वतःच्या खर्चाने वाचकापुढे ठेवलं. आपण विरोधकाचं म्हणणं ऐकूनसुद्धा घेत नाही, आणि ऐकलं तर अर्धंच दुसऱ्याला सांगतो.

आम्ही गिरणीतले, म्हणून दुसरं उदाहरण गिरणीचं देतो. अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तुटलेला धागा धोट्यातून ओढताना तोंड लावावं लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न काढला तेव्हा कम्युनिस्ट पुढाऱ्यांशी त्यांचे कडक मतभेद झाले. ते शेवटपर्यंत राहिले. तरीही औद्योगिक कलहाच्या काळ्या बिलाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले, बाबासाहेब आणि कॉम्रेड डांगे एकाच बाजूला उभे राहिले. मतभेद कुठे ठेवायचा आणि हात कुठे मिळवायचा, हे त्यांना कळत होतं.

आणि घटना समिती. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. तब्येत बिघडलेली असताना बाबासाहेब एकेका दुरुस्तीला उत्तर देत होते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या शेवटच्या भाषणात त्यांनी कामथ, डॉ. पंजाबराव देशमुख, प्रा. के. टी. शहा, पंडित कुंझरू अशा सतत विरोधात उभ्या राहणाऱ्या सभासदांची नावं घेऊन आभार मानले. हे बंडखोर नसते तर सभेचं काम निर्जीव झालं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच भाषणात त्यांनी भिक्खू संघाच्या ठराव, गणसंख्या आणि मतदानाच्या नियमांची देशाला आठवण करून दिली. आपल्या समितीत विरोध करणाऱ्याचे आभार कधी मानले गेले आहेत का? सचिवांनी जुनी इतिवृत्तं काढून बघावीत.

आता आमचा स्वतःचा दोष सांगतो, नाहीतर हे सगळं भाषण फुकट आहे. काही वर्षांपूर्वी विहाराच्या स्लॅबचं काम झालं. हिशेब एका ज्येष्ठ उपासकांकडे होता. मिस्त्रीच्या पावत्या सापडेनात. आम्ही भर सभेत, बायाबापड्यांसमोर म्हणालो, "पैसे कुठं गेले ते तुमच्या घरातल्या नव्या लाद्यांना विचारा." लोक हसले. आम्हाला बरं वाटलं. ते गृहस्थ वडिलांच्या वयाचे. खाली मान घालून निघून गेले. सात-आठ महिन्यांनी जुन्या स्मरणिकांच्या गठ्ठ्यात सगळ्या पावत्या सापडल्या. एक पैसा इकडचा तिकडे नव्हता. कपाटाची किल्ली तेव्हा आमच्याकडेच होती.

आम्ही त्यांच्या घरी गेलो, पाया पडलो. ते म्हणाले, "तू माफी घरात येऊन मागतोस. बोललास मात्र चारचौघांत." आम्ही परत आलो. पुढच्या सभेत त्यांना आणलं, आणि ज्यांच्यासमोर बोललो होतो त्यांच्यासमोर, पावत्या हातात घेऊन, आमचं खोटं कबूल केलं. तेव्हाच ते पुन्हा विहारात यायला लागले. आमच्या वडिलांनी नानांना 'दलाल' म्हटलं होतं; त्यांचाच मुलगा आम्ही. ते वळण आमच्या जिभेत होतंच. म्हणून सांगतो, मी असा नाही, असं कुणीही समजू नये.

त्यानंतर काही दिवस समितीने काही नियम पाळले होते, पुढे ते सुटले. ते पुन्हा धरावेत अशी विनंती आहे:

१) विषय आधी फळ्यावर लिहावा. ऐनवेळी खिशातून विषय काढू नये.

२) विरोध करणाऱ्याने आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगावं. 'हो, मला हेच म्हणायचं आहे' असं तो म्हणाला की मग खोडून काढावं.

३) मुद्द्यावर बोलावं. माणसाचं घर, बायको, पोटजात, पूर्वीचा पक्ष काढू नये.

४) आरोप करायचा तर कागद दाखवून आणि तो माणूस हजर असताना.

५) मान्य नसणाऱ्याचं मत नावासह इतिवृत्तात लिहावं, आणि तीन वेळा विचारल्याशिवाय ठराव मंजूर म्हणू नये.

६) चारचौघांत बोललेलं चारचौघांतच मागे घ्यावं.

७) सभा कितीही तापली तरी वंदना सगळ्यांनी मिळून घ्यावी आणि मगच उठावं. वज्जींच्या गणाला तथागतांनी सांगितलं होतं, एकोप्याने जमा आणि एकोप्याने उठा. जमणं सोपं आहे. उठताना एकत्र असणं कठीण.

आता शेवटचं. जयंतीची सभा पुढच्या रविवारी आहे. आम्ही अभ्यासिकेच्या बाजूचे आहोत, हे लपवत नाही. पण ज्या मुलांना मिरवणूक हवी आहे, त्यांच्या बोलण्यातही खरं आहे. वर्षभर मान खाली घालून काम करणाऱ्या माणसाला एक दिवस रस्त्याच्या मधोमध ताठ चालावंसं वाटतं, हे आम्ही विसरलो होतो. म्हणून आम्ही सिद्धार्थांची दुरुस्ती जशीच्या तशी मांडतो. दोन माणसं मिरवणूकवाल्यांची, दोन अभ्यासिकावाल्यांची, आणि पाचवा, किंवा पाचवी, त्या चौघांनी निवडावी. त्या पाच जणांनी खर्चाचा कागद करून सभेपुढे ठेवावा. शाक्यांनी ही दुरुस्ती फेटाळली होती. आपण काय करतो ते रविवारी दिसेल. ती पडली तरी आम्ही वेगळी जयंती काढणार नाही, जी होईल तिच्यात झेंडा धरून चालू.

नाना अजून आहेत, गावाला असतात. ऐंशी ओलांडली. गेल्या वैशाख पौर्णिमेला आम्ही त्यांना घेऊन या विहारात आलो होतो. दारात ते थबकले. आम्ही म्हणालो, नाना, या आत, वडिलांच्या वतीने आम्ही बोलावतो. ते आत आले, मागच्या रांगेत बसले आणि वंदना होईपर्यंत बसून राहिले. जाताना एवढंच म्हणाले, "पंखे नवीन लावलेत वाटतं." चाळीस वर्षांनंतर.

आपल्यापैकी कुणाच्या शब्दामुळे कुणी दाराबाहेर उभा असेल, तर रविवारच्या आत जाऊन त्याला घेऊन या. एवढं बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. सर्वांचे मंगल होवो.

नमो बुद्धाय! जयभीम!